हरणविचार : पाणिनीपासून राजशेखरापर्यंत

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मांडणे हा दोष आहे, ही कल्पना पाश्चात्त्य विद्यापीठांबरोबर आपल्याकडे आली, असा समज विद्यार्थिवर्गात पुष्कळदा आढळतो. प्राचीन भारतीय ग्रंथकार नामनिरपेक्ष वृत्तीने लिहीत, त्यांना स्वामित्वाची जाणीवच नव्हती, असे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. हा समज प्रमाणांच्या कसोटीस उतरत नाही.

प्रथम व्याकरणशास्त्राचे उदाहरण घ्यावे. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी परिभाषा नागेशाच्या 'परिभाषेन्दुशेखरा'त आली आहे. इतके अक्षरलाघव जपणाऱ्या या शास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे पाणिनीची 'अष्टाध्यायी'. तीत शाकल्य, शाकटायन, गार्ग्य, गालव, आपिशलि, स्फोटायन इत्यादी दहा पूर्वाचार्यांचा नामनिर्देश आहे. यांपैकी काही नावे विकल्प सुचवितात असे म्हणता येईल; परंतु स्फोटायनाच्या सूत्रावर 'काशिका'कार स्पष्टच म्हणतात, की विकल्प मागूनच चालत आलेला असल्यामुळे येथे नाव आदरार्थ आहे. जेथे मात्राही मोजून खर्च होत असे, तेथे पूर्वसूरीच्या नावासाठी अक्षरे खर्ची पडली, ही गोष्ट लक्षणीय होय.

काव्याच्या क्षेत्रातील स्थिती याहून निराळी व अधिक गुंतागुंतीची होती. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'च्या प्रारंभीच काव्यचोराचा समाचार घेतला आहे : वर्ण बदलले, खुणा झाकल्या, तरी सज्जनांत तो ओळखला जातोच. नवव्या शतकात आनंदवर्धनाने दोन कवींच्या अर्थांतील साम्याचे तीन प्रकार कल्पिले : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सदृश देहधाऱ्यांसारखे. या विचारास पूर्ण शास्त्रीय रूप दिले ते राजशेखराने, इ. स. ९०० च्या सुमारास.

राजशेखर कनोजच्या प्रतीहार राजसभेतील कवी. तथापि आपला पूर्वज अकालजलद यास तो 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणतो. त्याची 'काव्यमीमांसा' १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रथम ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे अकरा ते तेरा हे तीन अध्याय हरणविचारास वाहिलेले आहेत. शब्दहरणाचे त्याने पाच भेद केले : पद, पाद, अर्ध, वृत्त आणि प्रबंध. अर्थहरणाची त्याची मांडणी याहून सूक्ष्म आहे. केवळ वाक्यरचना बदलून अर्थ जसाच्या तसा ठेवणे ते 'प्रतिबिंबकल्प'. थोडा संस्कार करून वस्तू वेगळी भासविणे ते 'आलेख्यप्रख्य'. विषय भिन्न असूनही अतिसादृश्यामुळे दोहोंत अभेद भासणे ते 'तुल्यदेहितुल्य'. आणि मूळ एकच, पण बाह्य रचना सर्वस्वी वेगळी, ते 'परपुरप्रवेश', म्हणजे दुसऱ्याच्या देहनगरीत शिरणे. शेवटच्या दोहोंस तो 'निह्नुतयोनि', म्हणजे उगम लपविलेले, असे नाव देतो. मोल देऊन दुसऱ्याची रचना विकत घेणे हेही हरणच, असा त्याचा निर्वाळा आहे. अपकीर्तीपेक्षा कीर्ती न मिळणे बरे, असे तो पुढे म्हणतो.

चोराच्या सबबींची यादीही या ग्रंथात आहे. ती राजशेखराने पत्नी अवंतिसुंदरी हिच्या नावे, तिचा मत म्हणून, नमूद केली आहे : मूळ कर्ता अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे, त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी, तो परदेशी आहे, मूळ ग्रंथ लुप्त झाला आहे. अशा कारणांनी हरण करण्यास तिची हरकत नाही. मात्र इतर चोऱ्या काळाबरोबर विसरल्या जातात, वाणीची चोरी नातवंडांपर्यंत पुसली जात नाही, हे आचार्यांचे मतही त्याच अध्यायात आहे. स्वतः राजशेखर प्रतिबिंबकल्प सर्वथा त्याज्य ठरवितो. पण सर्वच कवी चोर असतात, जो लपविणे जाणतो तो निंदेवाचून सुखात राहतो, असेही म्हणून जातो.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. राजशेखराची ही शिथिलता कवीपुरती आहे. कवीचे कार्य नवा आस्वाद निर्माण करणे हे असल्याने उगम झाकण्याचे कौशल्य तेथे गुण ठरू शकते. शास्त्रात तसे नाही. तेथे पूर्वपक्ष कोणाचा, हे कळल्यावाचून सिद्धांताचे बळ तपासता येत नाही. उगम लपविला की प्रमाणाची साखळीच तुटते. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी पाणिनीच्या पंक्तीत बसतो, राजशेखराच्या कवीच्या नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम केले. त्यांत साम्याच्या प्रमाणानुसार श्रेणी आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून सादर करावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष सादर करता येत नाही, त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. ही व्यवस्था आवश्यक आहे. परंतु यंत्राने जुळविलेले साम्य हे मुख्यतः शब्दहरणाचे माप होय. इंग्रजी ग्रंथातील एखादे प्रकरण क्रमाने मराठीत उतरविले आणि मूळ लेखकाचे नाव गाळले, तर एकही शब्द जुळणार नाही, आणि तरीही तो प्रतिबिंबकल्पच ठरेल. दुसऱ्याने जमविलेली उदाहरणे व त्यांतून काढलेला निष्कर्ष नव्या परिभाषेत सजविणे हा परपुरप्रवेश होय. मोबदला देऊन लिहवून घेतलेल्या प्रबंधाबद्दल तर निराळे सांगावयास नको. हे प्रकार टक्केवारीत सापडत नाहीत. ते मार्गदर्शकाच्या वाचनात आणि लेखकाच्या सदसद्विवेकात सापडावे लागतात.

तात्पर्य, स्रोतनिर्देश हा परकीय शिष्टाचार नसून या भूमीतील शास्त्रपरंपरेचा जुना नियम आहे. स्फोटायनाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे नाव उरले आहे, कारण पाणिनीने ते आपल्या सूत्रात लिहिले.