दिल्ली दरवाज्याजवळचे मैदान

शहाजहान बादशहाने वसविलेल्या शहराच्या दक्षिणेकडील वेशीस ‘दिल्ली दरवाजा’ असे नाव आहे. दिल्लीतच असलेल्या दरवाज्याला दिल्लीचे नाव का, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर सोपे आहे. या दरवाज्यातून बाहेर पडले की वाट दक्षिणेकडच्या, त्याहून जुन्या दिल्ल्यांकडे जाते. दरवाज्याच्या आत दर्यागंजची वस्ती आणि बाहेर फिरोजशहा कोटल्याचे भग्नावशेष. या अवशेषांच्या शेजारी दोन क्रीडांगणे आहेत. एक क्रिकेटचे, ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे फुटबॉलचे. ते महानगरपालिकेच्या मालकीचे असून त्यास डॉ. आंबेडकरांचे नाव दिलेले आहे. आज मी आपणांशी बोलणार आहे ते या दुसऱ्या क्रीडांगणाविषयी आणि त्याच्या निमित्ताने, खेळाने आपले जुने घर सोडावे की सोडू नये या प्रश्नाविषयी.

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात दिल्लीच्या फुटबॉलमधून दोन गोष्टी निघून गेल्या. आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणून जिची ख्याती आहे, ती ड्युरँड चषकाची स्पर्धा त्या महिन्यात कोलकात्याला भरली. आणि ‘दिल्ली डायनामोज’ हा व्यावसायिक संघ भुवनेश्वरला जाऊन ‘ओडिशा एफ. सी.’ झाला. एक गोष्ट शंभरांहून अधिक वर्षांची, दुसरी अवघ्या पाच वर्षांची. दोहोंच्या जाण्याला जवळजवळ एकच कारण होते. तिकडच्या राज्य सरकारांनी हात पुढे केला होता, मैदाने दिली होती, साहाय्य देऊ केले होते. यात चुकले कोणाचे, हे ठरविण्यापूर्वी इतिहासाकडे थोडे पाहिले पाहिजे. कारण ड्युरँड चषकाने घर सोडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

हा चषक मूळचा दिल्लीचा नव्हेच. १८८८ साली हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी ही स्पर्धा शिमल्याच्या डोंगराळ मुलखात सुरू केली. अफगाण सरहद्दीवरील ‘ड्युरँड रेषा’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे गृहस्थ. सरकारचा उन्हाळी मुक्काम शिमल्यास असे आणि गोऱ्या पलटणींच्या छावण्या आसपास पसरलेल्या असत. शहराच्या खाली, देवदारांच्या कुशीत ॲनाडेलचे सपाट मैदान आहे. तेथे पलटणी एकमेकींशी खेळत आणि साहेबलोक पाहत. १९०४ साली शिमल्याच्या नागरिकांनी या स्पर्धेसाठी एक करंडक दिला. त्यास ‘शिमला करंडक’ म्हणतात आणि आजही विजेत्या संघाला मुख्य चषकासोबत तो मिळतो. शिमला मागे पडले. त्याचे नाव मात्र चषकाबरोबर प्रवास करीत राहिले.

१९४० साली ही स्पर्धा शिमल्याहून दिल्लीस आली. त्या काळच्या कोणा जुन्या लष्करी अधिकाऱ्याला हे स्थलांतर रुचले नसेल, तर ते समजण्यासारखे आहे. पण त्या वर्षी काय घडले ते पाहा. अंतिम सामना आयर्विन ॲम्फिथिएटर या विस्तीर्ण क्रीडागारात झाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभे राहिलेले हे क्रीडागार तेव्हा अवघ्या सात वर्षांचे होते. एका बाजूस रॉयल वॉरिकशर रेजिमेंट ही गोरी पलटण आणि दुसऱ्या बाजूस कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब. मोहमेडन स्पोर्टिंगने तो सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. ड्युरँड चषक जिंकणारा हा पहिला हिंदी नागरी संघ होय. डोंगरावरच्या छावणीतील खेळ सपाटीवरच्या हजारो माणसांसमोर आला आणि आल्याबरोबर तो त्या माणसांचा झाला. तेव्हा घर सोडणे म्हणजे परंपरा बुडविणे, असे सरसकट म्हणता येत नाही. कधी कधी घर सोडल्यानेच परंपरेला नवे, खरे वारस लाभतात.

महायुद्ध आणि फाळणी यांमुळे स्पर्धा काही वर्षे बंद होती. १९५० साली ती पुन्हा सुरू झाली आणि हैदराबाद सिटी पोलीस संघाने मोहन बागानचा पराभव करून चषक नेला. पुढील वर्षी आयर्विन ॲम्फिथिएटरचे नाव ‘नॅशनल स्टेडियम’ झाले. तेथेच पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणवर एका गोलने विजय मिळवून फुटबॉलचे सुवर्णपदक पटकावले. तो गोल मेवालाल यांचा. १९५६ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ड्युरँड स्पर्धेस ‘राष्ट्रपती चषक’ दिला आणि विजेत्याच्या हाती तीन करंडक येऊ लागले. पुढे नॅशनल स्टेडियम हॉकीचे झाले आणि दिल्लीच्या फुटबॉलचे बिऱ्हाड दिल्ली दरवाज्याजवळच्या मैदानात स्थिरावले.

या जागेचे एक वैशिष्ट्य होते. तेथे चालत येता येत असे. जामा मशिदीच्या गल्ल्यांतून, तुर्कमान दरवाज्याकडून, दर्यागंजमधून दुकान लवकर मिटून माणूस निघाला तर सामना सुरू होण्यापूर्वी पोहोचत असे. शेजारच्या रस्त्यावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांची रांग आहे. संघ येत ते सर्व देशातून. कोलकात्याचे मोठे क्लब, पंजाबचे, गोव्याचे, सैन्यदलांचे. गुरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ साली हा चषक जिंकला. मुंबईच्या महिंद्र संघाने तो १९९८, २००१ आणि २००८ असा तीन वेळा नेला. प्रत्येक संघाला दिल्लीत आपापली माणसे भेटत. कारण राजधानीत सगळ्या प्रांतांची माणसे नोकरीसाठी राहतात, आणि गावाकडचा संघ आला की गाव भेटल्याचा आनंद त्यांना होतो.

१९८२ साली नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी लोधी मार्गाजवळ जवाहरलाल नेहरू स्टेडियम बांधण्यात आले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याचे नूतनीकरण झाले. सुमारे साठ हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या वास्तूपुढे दिल्ली दरवाज्याजवळचे मैदान अगदीच साधे दिसते. असे असूनही आधुनिक काळातील भारतीय फुटबॉलचे काही मोठे क्षण घडले ते या साध्या मैदानावरच. २००७ साली सीरियाला हरवून भारताने नेहरू चषक जिंकला तो येथे. २००९ साली पुन्हा सीरियालाच हरवून तो राखला, तोही येथेच. २००८ साली आशियाई चॅलेंज चषकाचा अंतिम सामना हैदराबादहून ऐनवेळी येथे हलविण्यात आला. सुनील छेत्री यांनी तीन गोल केले, भारताने ताजिकिस्तानवर चार विरुद्ध एक असा विजय मिळविला आणि २०११ च्या आशियाई चषकातील प्रवेश निश्चित झाला.

मोठ्या क्रीडागाराचा हिशेब निराळा असतो. पंधरा हजार प्रेक्षक लहान मैदानात आले की मैदान ओसंडते, भिंतींना आवाज भिडतो, खेळाडूच्या अंगात बळ येते. तेच पंधरा हजार साठ हजारांच्या क्रीडागारात बसले की चारांपैकी तीन खुर्च्या रिकाम्या दिसतात. मध्ये धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून दूर पडतो. दिल्ली डायनामोजने २०१४ साली याच क्रीडागारात आपला संसार मांडला. पहिल्याच वर्षी इटलीचा जगज्जेता खेळाडू देल पिएरो त्यांच्याकडून खेळला. नाव मोठे होते, जागा मोठी होती. पण पाच वर्षांत संघ निघून गेला.

येथे पैशाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. खेळाडूला वेतन लागते, हिरवळीला माळी आणि पाणी लागते, परगावच्या संघांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च असतो. तिकिटांचे उत्पन्न हा यांपैकी एक आधार आहे आणि जास्त जागा म्हणजे जास्त उत्पन्न, हे गणित खोटे नाही. लंडनच्या आर्सेनल क्लबने १९१३ पासून वापरलेले हायबरीचे मैदान २००६ साली सोडले ते याच गणितावर. हायबरीत सुमारे अडतीस हजार माणसे मावत, नव्या जागी साठ हजार. जुन्या मैदानाच्या प्रेक्षागारांची आज राहती घरे झाली आहेत आणि जेथे चेंडू खेळे तेथे बाग आहे. मात्र नवी जागा जुन्या जागेपासून चालत जाण्याइतकी जवळ होती. क्लबने घर बदलले, गल्ली बदलली नाही.

आपल्या मुंबईतही असे घडले आहे. १९३७ साली उघडलेले ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. कसोटी सामन्यांच्या तिकिटांचा वाटा किती, यावरून हा क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचे बिनसले. तेव्हा बॅ. शेषराव वानखेडे यांच्या अध्यक्षतेखाली संघटनेने तेथून हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबर्नच्या प्रेमिकांना हळहळ वाटली. तरी चर्चगेटला उतरून सामन्याला जाणारा माणूस पुढेही चर्चगेटलाच उतरत राहिला.

दिल्लीच्या फुटबॉलला हे भाग्य लाभले नाही आणि त्याचे कारण मालकीत आहे, असे मला वाटते. स्पर्धा सैन्यदलांची, लहान मैदान महानगरपालिकेचे, मोठे क्रीडागार केंद्र सरकारचे आणि व्यावसायिक संघ खाजगी मालकाचा. दिल्लीच्या प्रेक्षकाचे यांपैकी काहीच नव्हते. शेजारच्या भिंतीपलीकडे क्रिकेटचे मैदान १८८३ पासून जागच्या जागी राहिले, वाढले, श्रीमंत झाले; तेथे राहण्यातच लाभ होता, आणि लाभ सांभाळणारी संघटनाही तेथेच होती. फुटबॉलला असा सांभाळणारा कोणी नव्हता. २०१४ साली ड्युरँड स्पर्धा गोव्यात झाली, २०१६ साली ती दिल्लीत परतली, नंतर दोन वर्षे झालीच नाही आणि २०१९ पासून तिने पूर्वेकडे मुक्काम केला.

संघांचे तर याहून विलक्षण. पुण्याच्या बालेवाडीत खेळणाऱ्या एफ. सी. पुणे सिटी या संघाची लीगमधील जागा २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादच्या नव्या संघाकडे गेली. आणि २०२५ साली हा हैदराबादचा संघ दिल्लीत येऊन ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. पुण्याच्या ज्या मुलाने २०१४ साली नारिंगी पोशाख घेतला, त्याने आता टाळ्या कोणासाठी वाजवाव्या? मुख्य चषक हिंडला तर हरकत नाही, ती पालखी आहे. पालखी गावोगाव हिंडावी. पण देऊळच पालखीबरोबर हिंडू लागले तर गावाने हात जोडायचे कोठे?

कोलकात्याने यावर एक वाट काढलेली दिसते. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे मोठे सामने १९८४ साली उघडलेल्या सॉल्ट लेकच्या प्रचंड क्रीडागारात होऊ लागले. १९९७ साली या दोघांचा एक सामना सुमारे एक लाख एकतीस हजार लोकांनी पाहिला. पण फोर्ट विल्यमच्या बाजूच्या त्या जुन्या मैदानावरचे आपले तंबू आणि गॅलऱ्या या क्लबांनी मोडल्या नाहीत. सराव, सभासदांचे येणेजाणे, छोटे सामने यांना ती जागा राहिली. उत्पन्न एकीकडे आणि आठवण दुसरीकडे, असे दोन्ही संसार त्यांनी चालविले. ड्युरँड चषक कोलकात्यास गेला याचे मला म्हणूनच फारसे दुःख नाही. १९४० साली तो जसा शिमल्याहून माणसांकडे आला, तसाच २०१९ साली तो माणसांकडेच गेला. दुःख आहे ते दिल्लीने त्याला जाऊ देताना कोणी फाटकाशी उभेही राहिले नाही याचे.

मैदान बदलण्याचा निर्णय घेताना आसने किती वाढतील हे मोजणे योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक मोजणी करावी. आज पायी येणाऱ्यांपैकी किती जण उद्या तेथे पोहोचू शकतील? ज्या स्थलांतरात हा आकडा शिल्लक राहतो, त्यात परंपरा आणि पैसा दोन्ही टिकतात, असे आर्सेनलने आणि मुंबईने दाखविले आहे. जेथे तो शून्यावर येतो, तेथे आधी परंपरा जाते आणि तिच्या मागोमाग, थोड्या उशिराने, पैसाही जातो. दिल्ली डायनामोजची पाच वर्षे याचीच साक्ष देतात. नव्याने राजधानीत आलेल्या संघाने, आपले सामने कोठेही होवोत, मुलांची एखादी स्पर्धा, एखादा सराव दिल्ली दरवाज्याजवळच्या मैदानात ठेवावा. दर्यागंजची मुले तेथे अजूनही चालत येऊ शकतात.