टार्गेट वजन किती ठेवायचं? एक आकडा नको, रेंज ठरवा

रात्री हुरडा पार्टी आणि सकाळी वजनकाट्यावर सव्वा किलो जास्त! हिवाळ्यात अहिल्यानगर जिल्ह्यात अनेकांना हा धक्का बसतो. पण ही सगळी चरबी नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तेवढ्या साठायला रोजच्या जेवणाशिवाय आणखी तीन-चार दिवसांचं जेवण एका बैठकीत संपवावं लागेल.

मग वाढतं काय?

मुख्यतः पाणी आणि पोटातलं अन्न. चटणी-शेवेतलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. मासिक पाळीच्या आधीही अनेकींचं वजन थोडं वाढतं. नवरात्रात उलटं घडतं. उपवास करून मोहटादेवीला पायी गेलात, तर काटा खाली येतो आणि जेवण सुरू होताच पुन्हा चढतो. दिवसागणिक एक-दोन किलोचा फरक सामान्य आहे.

कुस्तीपटू विनेश फोगाटचं उदाहरण आठवा. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये सकाळी तिचं वजन ४९.९ किलो होतं. तीन कुस्त्या झाल्या, मध्ये खाणं-पिणं झालं आणि संध्याकाळी ते ५० किलोच्या मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरलं. रात्रभर घाम गाळूनही दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्तच राहिले आणि ती अपात्र ठरली. तिच्यासाठी तो नियम होता. तुमच्यावर असा कोणताच नियम नाही.

टार्गेट कसं ठरवायचं?

भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या आत असावा, असं मानतात. उंची १६० सेंमी असेल तर ही मर्यादा सुमारे ५९ किलो येते. पण आज वजन ७८ असेल, तर थेट ५९ च्या मागे लागू नका.

१. पहिलं टार्गेट ५ टक्के ठेवा. म्हणजे ७८ वरून ७४. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखरेवर चांगला परिणाम दिसू शकतो.
२. वेग आठवड्याला साधारण अर्धा किलो. म्हणजे दोन महिने.
३. ७४ ऐवजी ७३ ते ७५ अशी रेंज लिहून ठेवा.
४. सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी बघा. ती सलग तीन आठवडे रेंजच्या वर राहिली, तरच आहार-व्यायामात बदल करा.

कंबरही मोजा

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून कंबर पुरुषांची ९० आणि महिलांची ८० सेंमीच्या आत हवी.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

प्रयत्न न करता वजन घटत असेल, किंवा झपाट्याने वाढून पायांना सूज आणि धाप लागत असेल, तर लगेच. मधुमेहाची औषधं सुरू असतील किंवा गरोदर असाल, तर टार्गेट डॉक्टरांना विचारूनच ठरवा.