डार्विनची बंद जलद्वारे, १९९९

#इतिहास #थ्रेड

१/८ मार्च १९९९. उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर. तेथील कलन बे या नौकातळात पाणबुडे पाहणीसाठी उतरले, तेव्हा खांबांवर व नौकांच्या तळांवर त्यांना बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्यांचे थर आढळले. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत हा शिंपला तेथे नव्हता. आता काही ठिकाणी चौरस मीटरमागे त्यांची संख्या २०,०००च्या वर गेली होती.

२/८ हा काळ्या पट्ट्यांचा शिंपला मूळचा कॅरिबियन समुद्राच्या परिसरातला. भारताला तो अपरिचित नव्हता. १९६७ साली विशाखापट्टणच्या बंदरात त्याची नोंद झाली, पुढे मुंबईच्या गोदीतही तो सापडला. तेथे त्याने कायमचे ठाण मांडले.

३/८ डार्विनला तो आणला कोणी? संशय गेला तो सागरभ्रमण करणाऱ्या हौशी नाविकांच्या नौकांवर. नौकेचा न खरवडलेला तळ आणि समुद्राचे पाणी आत घेणारे नळ, एवढा आसरा त्याला पुरेसा होता.

४/८ तो खुल्या समुद्रात निसटला असता, तर त्या किनाऱ्यावरील मोत्यांच्या शेतीवरच घाला आला असता.

५/८ येथे भूगोल मदतीला आला. डार्विनला भरती-ओहोटीतील फरक सुमारे ८ मीटरपर्यंत जातो. म्हणून नौकातळांतील पाणी राखण्यासाठी तेथे जलद्वारे बांधलेली होती. प्रशासनाने ती बंद केली.

६/८ मग बाधित तीन नौकातळांच्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतण्यात आले. आधीच बाहेर पडलेल्या नौकांचा माग काढून त्या तपासण्यात आल्या.

७/८ सुमारे महिनाभरात शिंपला नामशेष झाला. खर्च आला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक. त्या पाण्यातील इतर जीवसृष्टीही या विषाला बळी पडली. विजय खरा होता, पण त्याची किंमत निरपराध जीवांनीही मोजली.

८/८ यानंतर परदेशांतून येणाऱ्या नौकांचे तळ तपासणे आणि त्यांचे नळ औषधी द्रावणाने शुद्ध करणे, हे नौकातळात प्रवेश देण्याआधीच होऊ लागले. बंदरांचा इतिहास आपण आरमारांच्या आणि व्यापाराच्या अंगाने वाचतो. जहाजांच्या तळाला चिकटून आलेल्या अशा प्रवाशांनाही त्यात स्थान द्यावे लागेल. डार्विनमध्ये पाहणी वेळेवर झाली आणि बंद करता येतील अशी द्वारे होती. बहुतेक बंदरांना असे द्वार नसते. तेथे उपाय एकच उरतो: निघण्यापूर्वी नाविकाने आपल्या नौकेचा तळ स्वच्छ करणे.