कारंजाचे प्रश्न, नागपूरची उत्तरे

नागपूरहून अमरावतीकडे निघाले की कोंढाळीच्या पुढे महामार्गावर कारंजा (घाडगे) लागते. संत्र्याची गळ, बोरच्या जंगलातून शिवारात येणारे वाघ, कार प्रकल्पाचे पाणी, असल्या तक्रारी हिवाळी अधिवेशनात नागपूरला पोहोचायच्या तर मुख्य वाटा दोन: मंत्र्याच्या हाती दिलेले निवेदन, नाहीतर आर्वीच्या आमदाराने विचारलेला प्रश्न. निवेदनावर पोचेचा शिक्का बसतो. प्रश्नाला मंत्र्याच्या नावाने छापील उत्तर येते आणि ते कायम दप्तरी राहते.

प्रश्न विचारायचा हा हक्क मिळाला तो तुकड्या-तुकड्यांनी. 1892 च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उत्तरावर चर्चा करायची नाही, उपप्रश्न तर नाहीच. साहेब जे सांगेल ते ऐकून खाली बसायचे! उपप्रश्नाची सोय झाली 1909 मध्ये. त्यातही कारंजाचा वर्धा जिल्हा मध्य प्रांतात, आणि या प्रांताला 1914 पर्यंत स्वतःचे कौन्सिलच नव्हते. नागपूरचे गंगाधरराव चिटणवीस प्रांतातर्फे थेट कलकत्त्याच्या कौन्सिलात बसत.

प्रश्न विचारायला सभागृहच नसले तर काय होते, हे या मुलखाने 1942 मध्ये पाहिले. 16 ऑगस्टला शेजारच्या आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. त्याच दिवशी चिमूरही पेटले. प्रांतिक मंत्रिमंडळाने 1939 मध्येच राजीनामा दिलेला, कारभार गव्हर्नरच्या हाती, विधिमंडळ ठप्प. चिमुरात नंतर पोलीस-लष्कराने केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातल्या भन्साळींना दोन महिने उपोषण करावे लागले. एरवी जे काम सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या एका तारांकित प्रश्नाने सुरू झाले असते, त्यासाठी एका माणसाने प्राण पणाला लावले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाच्या या हत्याराची धारही दिसली. 1957 मध्ये लोकसभेतल्या एका प्रश्नातून आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याचे प्रकरण बाहेर आले, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले.

नागपूर करारानुसार 1960 पासून महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरू लागले. प्रश्नाचा साचा मात्र ठरलेला: ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास कोणती कार्यवाही केली’, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरेही तितकीच ठरलेली. ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ यांत हाती काही लागत नाही. पण ‘हे अंशतः खरे आहे’ असे आले की समजावे, खात्याने काहीतरी कबूल केले. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नावर सभागृहात आवाज होत नाही, कॅमेरे वळत नाहीत. पण खर्चाचे आकडे आणि तारखा मिळतात त्यातच. गावच्या पत्रकाराने ही उत्तरे नीट वाचली तर वर्षभराच्या बातम्या निघतील.

प्रश्न विकलेही गेले. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये 11 खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांतले दोघे, एरंडोलचे आणि जळगावचे, महाराष्ट्राचे.

दुसरे दुखणे वेळेचे. डिसेंबर 2024 चे नागपूर अधिवेशन आठवडाभरात आटोपले. मंत्र्यांचे खातेवाटप झाले 21 डिसेंबरला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी. त्या आठवड्यात कारंजाच्या पाण्याबद्दल विचारले असते, तर उत्तर द्यायला त्या खात्याचा स्वतंत्र मंत्रीच नव्हता.