कोडमधली टीप आणि पतंजलीची पोथी

जावात कोड लिहिताना मी फंक्शनच्या वर एक तिरपी रेघ, दोन तारे टाकतो आणि टीप लिहितो. १९९६ साली जावासोबत आलेलं जावाडॉक या खुणेवरून टिपा उचलून माहितीची पानं तयार करतं. खूण नसलेली टीप तिथे येत नाही.

पुण्यात हेच काम एकाने हाताने केलं होतं. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांपैकी अनेकांवर कात्यायनाने वार्तिकं लिहिली. पण ती उरली पतंजलीच्या महाभाष्यात, त्याच्याच वाक्यांत मिसळून. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८७६ साली ती ओळखायची रीत मांडली: पतंजली आधी वार्तिक देतो, मग तेच शब्द सोडवून सांगतो. ही त्यांची खूण. १८८० ते १८८५ दरम्यान निघालेल्या त्यांच्या आवृत्तीत वार्तिकं क्रमांक घालून वेगळी केलेली आहेत.

जावाडॉक खूण बघतं, खरेपणा नाही. कोड बदलला आणि टीप जुनीच राहिली, तर चूकही सुबक छापली जाते. सांगितलेलं, राहून गेलेलं आणि चुकीचं सांगितलेलं, या तिन्हींचा विचार म्हणजे वार्तिक, अशी जुनी व्याख्या आहे. तो विचार अजून आपल्यालाच करावा लागतो.