राष्ट्रीय शिक्षण धोरणे आणि आपल्या गावची शाळा



देशाचे शिक्षण धोरण आजवर तीनदा जाहीर झाले: १९६८ साली, १९८६ साली आणि २९ जुलै २०२० रोजी. प्रत्येक वेळी सभा होतात, लेख छापून येतात, आणि शाळेच्या फाटकाशी उभा असलेला पालक मात्र एकच प्रश्न विचारतो, "सर, याने आमच्या पोराला काय मिळणार?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर भाषणातून मिळत नाही, मोजून काढावे लागते. मोजण्याची रीत जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे. ती थोडी तपशिलाने सांगावी, म्हणून हा लेख.

१९२९ साली सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीने हिंदुस्थानच्या शिक्षणाचा अहवाल दिला. तोवर शाळा किती वाढल्या, पट किती वाढला, यावरच सरकार समाधान मानीत असे. समितीने वेगळाच हिशेब मांडला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत किती होती? उत्तर आले, अवघी १८. बाकीची कुठे गेली? काही शाळा सोडून गेली, तिला 'गळती' म्हटले गेले. काही त्याच वर्गात बसून राहिली, ती 'स्थगिती'. एका वर्षीचा पट न पाहता एकाच तुकडीच्या मागे चार वर्षे चालत जायचे, एवढीच ती युक्ती होती.

यानंतर आठच वर्षांनी आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, हस्तोद्योग हा केंद्रबिंदू, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा, असे ठराव झाले. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. अलीगढचे ख्वाजा गुलाम सय्यदैन हेही सभासद होते. विनोबा, काका कालेलकर, आर्यनायकम् दांपत्य ही मंडळी सोबत होती. ही योजना कुणा एका समाजाची नव्हती, हे नव्या पिढीने लक्षात ठेवावे.

२ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर झाला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला होती. कोणत्या इयत्तेत किती सूत निघावे याचेही हिशेब त्यात होते. समुद्रपूर, हिंगणघाट हा तर कापसाचाच मुलूख. टकळी आणि पेळू आपल्या मुलांना नवे नव्हते. पण ज्या गोष्टीचा हिशेब ठेवतात तिच्याचकडे शाळेचे लक्ष जाते, हे कोणताही शिक्षक सांगेल. सुताचे वजन झाले, लड्या मोजल्या गेल्या. पहिलीला बसलेले पोर सातवीपर्यंत टिकले का, हा हार्टॉगचा प्रश्न, माझ्या मते, मागे पडला.

त्याच सुमारास मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना आणली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, ही कल्पना वाईट नव्हती. 'मंदिर' या शब्दाला मुसलमान समाजातून हरकत आली. उर्दूचे काय होणार ही भीतीही होती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९३८ च्या पीरपूर अहवालातही या तक्रारी आल्या. आज त्या वादाकडे पाहिले म्हणजे खेद वाटतो. दोन्ही बाजू पाटीवरच्या नावासाठी भांडल्या. अमुक गावी आपली किती मुले शाळेत गेली आणि किती टिकली, हा आकडा कुणी कुणाला मागितल्याचे दिसत नाही. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षणाची तपासणी जी. रामचंद्रन् यांच्या समितीने केली. तिचा अहवाल १९५६ साली आला. पुष्कळ शाळा नावापुरत्याच मूलोद्योग शाळा आहेत, असे तिला आढळले. आणखी दहा वर्षांनी कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्या आयोगावर पुन्हा तेच सय्यदैन होते, आणि सदस्य-सचिव होते आपल्या महाराष्ट्राचे जे. पी. नाईक. गळती आणि स्थगिती हे शब्द त्यांनी पुन्हा चर्चेत आणले. १९८६ च्या धोरणातून खडू-फळा मोहीम निघाली: दोन खोल्या, दोन शिक्षक, शैक्षणिक साहित्य. खोल्या मोजणे सोपे असते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात तीन दिवस पट पडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावरची लक्षावधी मुले वर्गात आढळली नाहीत. असो.

आता आपल्या समाजाविषयी. २००६ साली न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. त्यातील निराशाजनक आकडे सभांतून आपण पुष्कळदा ऐकले आहेत. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के, मुसलमानांची ५९.१. पण त्याच जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के आणि महाराष्ट्रातील मुसलमानांची ७८.१ होती! म्हणजे दिल्लीच्या सरासरीवरून गिरड किंवा समुद्रपूरच्या घराचे निदान करता येत नाही. आपल्याकडे मूल शाळेत पोचते. ते पुढे कुठे थांबते, हे शोधायचे आहे.

ते शोधण्याचे साधन प्रत्येक शाळेत आहे, दाखल-खारीज रजिस्टर. नाव, जन्मतारीख, प्रवेशाची इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, सारे त्यात असते. समजा, २०१४-१५ साली पहिलीत दाखल झालेली नावे घेतली. वर्ष न गमावता ती मुले २०२३-२४ साली दहावीत असायला हवीत. किती पोचली? मात्र दाखला नेला म्हणजे शिक्षण सुटले असे नव्हे. कुणी हिंगणघाटला नाव घातले असेल, कुणी उर्दू माध्यमात गेले असेल. त्यासाठी घरी जाऊन विचारावे लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत नापास करणे बंद होते, त्यामुळे चौथीचा हिशेब आता पुरत नाही. नववी-दहावीपर्यंत मागे चालावे लागते. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. मुख्याध्यापकांना हा तक्ता मागणे हा तुमचा अधिकार आहे, उपकार नव्हे.

एक ताजे उदाहरण घ्या. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८-०९ पासून पहिलीपासून मिळत असे. २०२२-२३ पासून केंद्राने ती पहिली ते आठवीसाठी बंद केली, नववी-दहावीपुरतीच ठेवली. आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्याने मोफतच आहे, असे कारण दिले. याचा परिणाम झाला की नाही? झाला म्हणणारे आणि न झाला म्हणणारे दोघेही अंदाजानेच बोलतात. आधीची काही वर्षे व नंतरची काही वर्षे ताडून पाहावी, तर मध्ये कोरोनात शाळा बंद होत्या, ती गळती वेगळी. म्हणून त्याच शाळेतील, ज्यांना ही शिष्यवृत्ती कधीच नव्हती, त्या मुलांची गळतीही शेजारी मांडावी. दोन्ही सारखीच वाढली असेल तर दोष शिष्यवृत्तीवर टाकता येणार नाही. आपल्याच मुलांची अधिक वाढली असेल, तर निवेदनासोबत जोडायला हातात कागद राहील.

मुलींचा रकाना स्वतंत्र ठेवावा. गावातील शाळा ज्या इयत्तेला संपते, तिच्या पुढच्या ओळीत किती नावे उरतात ते पाहावे. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत एसटी पास आहे, पण बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का, हेही त्या ओळीपुढे लिहावे. आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाची हजेरी तुटते, हे हजेरीपटातून वेगळे टिपून ठेवावे. पुढच्या वर्षी दाखला नेणारे नाव बहुधा त्यातलेच असते.