उलटा भोवरा

आमच्या नांदूरघाटात हेलिकॉप्टर म्हटलं की निवडणूक आठवते. कुणाचं तरी रान सपाट करायचं, टँकरनं पाणी मारून धूळ बसवायची आणि भाषणापेक्षा पंखा बघायला जास्त माणसं जमायची. ते यंत्र कसं उडतं असा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता. पडला तो यंत्र पडल्यावर, आणि तेही माझ्या हातून.

झालं असं की उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला तो तीन वीत लांबीचं हेलिकॉप्टर घेऊन. रिमोटवर उडणारं. दोन वर्षांचे खाऊचे पैसे साठवून घेतलेलं. त्याच्या वडलांच्या मते हा शुद्ध उधळेपणा. रविवारी ते न्यायला येणार होते आणि त्यांच्यासमोर ते उडवून दाखवायचं, असा पोराचा बेत. गुरुवारी संध्याकाळी मी म्हणालो, "बघू रे, मामाला दे जरा." शाळेत पस्तीस वर्षं पोरं हाकली, हे काय अवघड, असं वाटलं. हेलिकॉप्टर सरळ आमच्या लिंबात शिरलं आणि फांद्या मोजत मोजत खाली आलं. पोरगं काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

सुटी पाती त्याच्याजवळ होती, वाकलेला दांडाही बदलला. एक काडेपेटीएवढी डबी मात्र निखळून पडली होती. तिला जायरो म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. "मामा, ही चिकटवा तुम्ही," एवढं सांगून तो पाती बसवायला लागला. मी ती दुहेरी चिकटपट्टीनं अगदी व्यवस्थित, अक्षरं वाचता येतील अशी चिकटवली. शुक्रवारी सकाळी हेलिकॉप्टर चार बोटं उचललं आणि अंगात आल्यासारखं गरगर फिरायला लागलं. शेपूट कुठं, तोंड कुठं, पत्ता नाही.

आता हे फिरणं मुळात स्वाभाविकच. वरचा पंखा एका बाजूला फिरला की खालच्या धडाला उलट्या बाजूला फिरावंसं वाटतं. म्हणून शेपटीला लहान पंखा लावून धडाला धरून ठेवायचं. इगोर सिकोर्स्कीनं १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत व्हीएस-३०० हे यंत्र उचललं ते असंच, वर एक मोठा पंखा आणि मागं एक छोटा. पहिल्या दिवशी ते दोरानं जमिनीला बांधलेलं होतं. व्यालेल्या म्हशीला बांधतात तसं. पुढं दोन वर्षं गृहस्थ शेपूटच बदलत बसला होता. मध्यंतरी तर मागं तीन-तीन पंखे होते. तेव्हा माझी एक सकाळ वाया गेली तर मोठंसं काही बिघडलं नाही, असं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, रविवार परवावर आलाय."

जायरोचा मूळपुरुष म्हणजे आपला भोवरा. जाळी गुंडाळून फेकला की आरीवर ताठ उभा राहतो आणि ढकलला तरी पडायला तयार नसतो. हा हट्टीपणा फूको नावाच्या फ्रेंच माणसानं हेरला. १८५१ मध्ये त्यानं पॅरिसच्या पँथिऑनमध्ये भलामोठा लंबक टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना दाखवलं आणि १८५२ मध्ये तेच फिरत्या चाकानं दाखवून त्या उपकरणाला जायरोस्कोप नाव दिलं. मग हा हट्टीपणा विकायला लोक पुढं आले. जर्मनीत आन्शुट्झ आणि अमेरिकेत स्पेरी, दोघांनी बोटींसाठी भोवऱ्याची होकायंत्रं केली आणि पेटंटवरून कोर्टात भांडले. १९१५ च्या सुमारास त्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून कोण होतं? आइन्स्टाइन! स्पेरीच्या पोरानं, लॉरेन्सनं, १९१४ साली पॅरिसजवळ सीन नदीवर विमान उडवलं, दोन्ही हात वर केले आणि त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला. विमान सरळच्या सरळ. भोवरा सांभाळत होता. मी रिमोट दोन्ही हातांनी धरूनही ज्याला लिंबात घातलं, त्याच्या मानानं हे फारच.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो आर्थर यंग. प्रिन्स्टनचा गणिताचा पदवीधर. १९२८ पासून बारा-तेरा वर्षं हा माणूस खेळण्यातली हेलिकॉप्टरं करायचा, पाडायचा, जोडायचा आणि पुन्हा पाडायचा. अर्धं काम गुरांच्या गोठ्यासारख्या एका जुन्या कोठारात. शेवटी त्यानं पंख्याच्या खाली एक आडवा दांडा बसवला, टोकांना वजनं. हाही एक प्रकारचा भोवराच. मॉडेल स्थिर झालं. १९४१ साली ते घेऊन तो बेल कंपनीत गेला आणि कारखान्याच्या आतच उडवून दाखवलं. त्यातून बेल-४७ झालं; ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर. १९८४ मध्ये त्यातलं एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिल्पासारखं टांगलं. यंग तोवर हेलिकॉप्टर सोडून चैतन्याच्या चिंतनाला लागला होता. इतक्यांदा पडझड पाहिल्यावर माणूस वेदांताकडे वळणारच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत पत्र्याचं काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणानं घरी हेलिकॉप्टर बनवलं होतं. शिक्षण आठवीपर्यंत. रात्री चाचणी घेताना शेपटीच्या पंख्याचं पातं तुटून मोठ्या पंख्यावर आदळलं आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. पोर गेलं. ही बातमी मला त्या शुक्रवारी आठवली आणि मी भाच्याला दोन गोष्टी शपथेवर कबूल करायला लावल्या. तपासणी करताना मोटरच्या वायरी काढलेल्या पाहिजेत आणि उडवताना दहा पावलं लांब उभं राहायचं.

पुढची तपासणी आम्ही तशीच केली. हल्लीच्या जायरोत भोवरा नसतोच. सिलिकॉनचा एक कण थरथरत असतो, आणि यंत्र वळलं की कोरिओलिसनं १८३५ मध्ये मांडलेल्या नियमानं ती थरथर बाजूला सरकते. म्हणून बॅटरी जोडल्यावर चार-पाच सेकंद यंत्र हलवायचं नाही; 'स्थिर म्हणजे काय' हे ते तेवढ्यात शिकतं. आम्ही हलवलं नाही. तरी गरगर. दांडा वाकडा असला तर कंपानं जायरो चक्रावतो. दांडा नवा होता. संवेदनक्षमता जास्त ठेवली तर शेपूट कुत्र्यासारखी हलते. कमी केली. तरी गरगर.

शनिवारी विहिरीची मोटार भरून आणायला गेलो तेव्हा पिशवीत हेलिकॉप्टरही नेलं. मोटार भरणाऱ्यानं ते हातात घेतलं, पंखा बंद ठेवून तोंड उजवीकडं वळवलं, आणि शेपटीची पाती कुठं कलतात ते बघितलं. पुन्हा डावीकडं. मग म्हणाला, "गुरुजी, थ्री फेजची मोटार उलटी फिरली तर तुम्ही काय करता?"

"दोन वायरी बदलतो."

"मग? ह्याचं शेपूट जिकडं जातंय तिकडंच ही डबी त्याला ढकलतीय. रडणाऱ्या पोराला आणखी एक चापट. पहिल्यांदा ही कशी होती?"

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. डबी मुळात फळीच्या खालून, वटवाघळासारखी उलटी लटकत होती. मी ती वर आणून सुलटी केली होती, अक्षरं वाचता यावीत म्हणून. सुलटी केली, म्हणजे तिच्या दृष्टीनं जग उलटं झालं. डावं ते उजवं.

"अक्षर वाचायची खोड मास्तरचीच," मोटार भरणारा म्हणाला आणि पैसे फक्त मोटारीचेच घेतले.

रविवारी मेहुणे आले तेव्हा हेलिकॉप्टर अंगणात, लिंबापासून लांब, डोक्याएवढ्या उंचीवर नाक धरून उभं होतं. ते तीन मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "बॅटरी किती वेळ चालते?" हे त्यांच्या तोंडून म्हणजे कौतुकच.

भाच्यानं ते अलगद उतरवलं आणि रिमोट माझ्यापुढं धरला. "मामा, घेता का?"

मी म्हणालो, "तुझ्या बाबांना चहा टाकायचा राहिलाय," आणि आत गेलो.